ऑफिसचा ताण योगा सेशनने का उतरत नाही?

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. २०२४ सालचा विषय होता कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य. अशा दिवशी ऑफिसात काय होतं, हे नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी एचआरचा मेल येतो. दुपारी चार वाजता सगळ्यांनी कॉन्फरन्स रूममध्ये जमायचं, तणावमुक्तीवर व्याख्यान आहे, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा आहे. शेवटी ग्रुप फोटो आणि समोसा. त्या तासाभरात राहिलेलं काम मग रात्री घरी बसून पूर्ण करायचं.

त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखा कंपनीत काम करणाऱ्या २६ वर्षांच्या चार्टर्ड अकाउंटंट तरुणीचा मृत्यू झाला होता. तिला रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र समाजमाध्यमांवर आलं. कामाच्या अतिताणाने आपली मुलगी गेली, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीने हा संबंध मान्य केला नाही. पण ते पत्र ज्या वेगाने पसरलं आणि त्याखाली हजारो नोकरदारांनी जे लिहिलं, त्यावरून एक गोष्ट दिसली. आपलं ऑफिस आपल्याला आजारी पाडतंय, असं वाटणारे लोक खूप आहेत आणि त्यांना ते बोलायला जागा नव्हती.

मग हा ताण कमी होतो तरी कशाने? त्यावर जगभरात बराच अभ्यास झाला आहे. त्यातून निघणारं उत्तर कंपन्यांना फारसं आवडणारं नाही. माणसाला ताण सोसायला शिकवण्यापेक्षा कामाची मांडणी बदलली, तर फरक पडतो.

ताण, त्रास आणि आजार

डेडलाईन जवळ आली की छातीत धडधडणं हा ताण. काम संपलं की तो ओसरतो आणि थोडाफार ताण कामालाही लावतो. अडचण सुरू होते ती काम संपल्यावरही तो ओसरत नाही तेव्हा. झोप लागत नाही, लागली तरी पहाटे तीनला जाग येते. घरच्यांवर विनाकारण चिडचिड होते. रविवार दुपारनंतर पोटात गोळा येतो. साधा मेल लिहायला अर्धा तास लागतो. याला मानसशास्त्रात मानसिक त्रास किंवा क्लेश म्हणतात. तो अजून आजार नसतो, पण असाच महिनोन्‌महिने चालू राहिला तर नैराश्य किंवा चिंताविकारापर्यंत जाऊ शकतो.

‘बर्नआउट’ हा शब्द आपण हल्ली दमलो की वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची व्याख्या बरीच नेमकी केली. आटोक्यात न आणलेल्या कामाच्या दीर्घ ताणातून तो येतो आणि त्याची तीन लक्षणं असतात: शक्ती पूर्ण संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तुच्छता वाटू लागणं, आणि आपल्याच्याने काही धड होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलं नाही, ‘कामाशी निगडित घटना’ म्हटलं. म्हणजे या व्याख्येतच दुखण्याचं मूळ कामात आहे, माणसात नाही.

याची किंमत किती? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारामुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. पैशात मोजलं तर हे नुकसान एक लाख कोटी डॉलरच्या घरात जातं.

साहेबाला जास्त ताण की शिपायाला?

आपला सर्वसाधारण समज असा की जितकं पद मोठं, तितकी जबाबदारी मोठी आणि तितका ताण मोठा. हार्ट अटॅक यायचा तो बड्या साहेबाला. ब्रिटनमध्ये सरकारी नोकरांवर झालेल्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी हा समज उलटा केला.

पहिला अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, दुसरा १९८५ मध्ये. दुसऱ्यात १० हजारांहून अधिक कर्मचारी होते, स्त्रियाही होत्या. मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखालच्या संशोधकांना दिसलं की हुद्द्याची एकेक पायरी खाली उतरावं, तसा हृदयविकाराचा धोका वाढत जातो. सगळे एकाच सरकारचे नोकर, सगळ्यांना पगार आणि उपचारांची सोय. मग फरक कशाचा? सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरूनही उत्तर पूर्ण होत नव्हतं. एक मोठा घटक होता आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, हा. काय करायचं, कधी करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, यातलं काहीच ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांची तब्येत जास्त बिघडत होती.

रॉबर्ट करासेक या अमेरिकी संशोधकाने १९७९ मध्ये हीच गोष्ट सोप्या सूत्रात मांडली होती. कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, ही जोडी सगळ्यात घातक. कॉल सेंटरमधल्या मुलाला एका कॉलला किती मिनिटं द्यायची, काय बोलायचं, बाथरूमला किती वेळ जायचं, हे सगळं स्क्रीन सांगते. समोरचा ग्राहक मात्र त्याच्यावरच ओरडतो. बँकेच्या काउंटरवर बसलेल्या क्लार्कला रोजचे व्यवहार सांभाळून विमा पॉलिसी विकायचं टार्गेट असतं आणि ते कुणी ठरवलं हे त्याला माहीतही नसतं.

पुढे योहानेस सिग्रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने आणखी एक बाजू दाखवली. माणूस जितकं ओततो आणि त्याला जितकं परत मिळतं, यात तफावत राहिली की तो आतून पोखरला जातो. परत मिळणं म्हणजे फक्त पगार नाही. मान, बढतीची शक्यता आणि नोकरीची शाश्वती हेही त्यात आलं. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या कर्मचाऱ्याला हे समजायला पुस्तक वाचावं लागणार नाही.

आठवड्याला ७० तास? ९० तास?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा ९० तासांबद्दलचा व्हिडिओ फिरला, त्यातलं ‘घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार’ हे वाक्य मीम होऊन गेलं. मीम आपण सगळ्यांनीच शेअर केले. आकडे मात्र त्यामानाने कमी लोकांनी पाहिले.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी. तुलना आहे ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी. अशा दीर्घ तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. गंमत म्हणजे ९० तासांचा वाद रंगात असतानाच आलेल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही याच अभ्यासाचा हवाला दिला आणि डेस्कवर फार वेळ घालवणं मानसिक आरोग्याला मारक असल्याचंही नोंदवलं.

जास्त तासांचा शेवट कुठे होतो, हे जपानने सगळ्यात आधी नाव देऊन सांगितलं. ‘कारोशी’ म्हणजे अतिकामाने मृत्यू. तिथे मृत्यूआधीच्या एका महिन्यात १०० तासांहून जास्त, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी ८० तासांहून जास्त ओव्हरटाईम झाला असेल, तर कामाशी त्याचा संबंध बळकट मानला जातो. डिसेंबर २०१५ मध्ये ‘देन्त्सू’ या बड्या जाहिरात कंपनीतल्या २४ वर्षांच्या कर्मचारी तरुणीने आत्महत्या केली. सरकारने ती अतिकामामुळे झाल्याचं मान्य केलं, कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड ठोठावला. किती? पाच लाख येन. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम कळलीही नसेल. पण लोकांच्या संतापातून २०१८ चा कायदा आला आणि ओव्हरटाईमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची सर्वसाधारण मर्यादा बसली.

जपानची दुसरी एक तरतूद मला जास्त शिकण्यासारखी वाटते. डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला वर्षातून एकदा ‘स्ट्रेस चेक’ घ्यावा लागतो. ही एक प्रश्नावली असते. तिचा निकाल कर्मचाऱ्याला मिळतो, त्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही. आपल्याकडे ‘सर्व्हे निनावी आहे, मोकळेपणाने भरा’ असा मेल येतो आणि पहिलाच प्रश्न असतो एम्प्लॉयी आयडी. मग सगळे पाचपैकी चार गुण देऊन मोकळे होतात.

योगा, मेडिटेशन, ॲप: उपयोग होतो का?

योगाने किंवा ध्यानाने कुणाला बरं वाटतच नाही, असं नाही. स्वतःच्या आवडीने करणाऱ्यांना त्याचा फायदा होतोच. प्रश्न वेगळा आहे. कंपनीने असे कार्यक्रम ठेवल्याने कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारतं का?

ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती त्यांनी तपासली. माइंडफुलनेसचे वर्ग, ताण हाताळण्याचं प्रशिक्षण, झोपेचं किंवा ध्यानाचं ॲप अशा उपक्रमांत भाग घेतलेले आणि न घेतलेले, यांच्यात त्यांना मानसिक स्वास्थ्याचा फरक सापडला नाही. अपवाद एकच, समाजकार्यात स्वयंसेवक म्हणून भाग घेण्याची संधी. एका वेळच्या माहितीवर आधारलेला अभ्यास असल्याने त्यावर शेवटचा शब्द म्हणता येणार नाही, पण ज्या उद्योगावर कंपन्या एवढा पैसा ओततात त्याच्यासाठी हा निकाल चांगला नाही.

कारण फार गूढ नाही. छत गळतंय आणि घरातल्यांना रेनकोट वाटले, तर रेनकोट वाईट नसतात, पण गळती तशीच राहते. शिवाय अशा कार्यक्रमांतून नकळत एक संदेश जातो की तुम्हाला त्रास होतोय कारण तुम्ही नीट श्वास घेत नाही.

देवनारच्या एका शिपायाची कल्पना

कामाची मांडणी बदलणं म्हणजे काय, याचं उदाहरण शोधायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात ते घडलं आहे.

पोलीस शिपायाची ड्युटी कागदावर काहीही असली, तरी प्रत्यक्षात १२ तासांची. वर बंदोबस्त, सण, सभा, व्हीआयपी दौरे. त्यात विरार, बदलापूर, पनवेल अशा ठिकाणाहून येणाऱ्याचा प्रवास धरला, तर माणूस घरी झोपण्यापुरता. मुलं झोपलेली असताना निघायचं आणि झोपल्यावर परतायचं. यावर उत्तर ठरलेलं असायचं की मनुष्यबळ नाही, भरती होत नाही, त्यामुळे इलाज नाही.

देवनार ठाण्यातल्याच एका शिपायाने हे उत्तर मान्य केलं नाही. आहे त्याच संख्याबळात माणसांची फेरमांडणी करून दिवसाचे आठ-आठ तासांचे तीन भाग कसे पाडता येतील, याचा आराखडा त्याने तयार केला आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांच्यापर्यंत पोहोचवला. आयुक्तांनी तो बाजूला टाकला नाही. मे २०१६ मध्ये देवनारमध्ये प्रयोग सुरू झाला, पुढे एकेक ठाणं त्यात येत गेलं आणि जानेवारी २०१८ पासून मुंबईतल्या सगळ्या पोलीस ठाण्यांसाठी आठ तासांची ड्युटी जाहीर झाली. नंतर कोविडच्या काळात ही घडी विस्कटली आणि आठ तासांची मागणी पुन्हा पुन्हा करावी लागली.

या गोष्टीत तीन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. उपाय शोधला तो ज्याला त्रास होत होता त्याने, कारण कुठला पॉइंट रिकामा असतो आणि कुठे माणसं उगाच उभी असतात हे त्यालाच माहीत होतं. तो ऐकून घेणारा आणि राबवण्याचा अधिकार असलेला माणूस वर बसलेला होता. आणि तिसरी, थोडी कडू बाब: एका अधिकाऱ्याच्या मनावर अवलंबून असलेली सुधारणा परिस्थिती बदलली की डळमळते.

असंच अमेरिकेत झालं. समाजशास्त्रज्ञ एरिन केली आणि फिलिस मोएन यांनी एका मोठ्या कंपनीच्या आयटी विभागात ‘स्टार’ नावाचा प्रयोग केला. काही टीम चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून त्यांना बदल दिला, बाकीच्या जुन्याच पद्धतीने चालू ठेवल्या. बदल असा की काम कुठून आणि कधी करायचं हे कर्मचाऱ्यांनी ठरवायचं, कुठल्या मीटिंग फुकटच्या आहेत हे टीमने मिळून शोधायचं, आणि मॅनेजरांना माणसांची विचारपूस करायला शिकवायचं. बदल मिळालेल्यांमध्ये बर्नआउट कमी झाला, कामाचं समाधान वाढलं आणि पुढच्या तीनेक वर्षांत स्वतःहून नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी राहिलं. मग ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. नव्या व्यवस्थापनाने प्रयोग गुंडाळला. आकडे त्यांच्यासमोर होते, तरीही.

ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला, पगार तोच ठेवून. सुमारे २,९०० कर्मचारी त्यात होते. त्यांतल्या ७१ टक्के लोकांचा बर्नआउट कमी झाला आणि ६१ पैकी ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला. या कंपन्या स्वतःहून पुढे आलेल्या होत्या, त्यामुळे हेच सगळीकडे होईल असं नाही. सरकारी दवाखान्यात किंवा दुकानात तर ते इतकं सोपंही नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात खासगी ऑफिस आणि दुकानांना २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मोबदला आणि तीन महिन्यांत ओव्हरटाईम १२५ तासांपर्यंतच, अशा त्यात तरतुदी होत्या. वर्षाला आठ किरकोळ रजा आणि भरपगारी रजांचा हक्कही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यात बदलाला मंजुरी दिली. रोजची मर्यादा ९ वरून १० तास, तिमाही ओव्हरटाईम १२५ वरून १४४ तास, आणि दहाऐवजी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हे नियम. म्हणजे चर्चा ताण कमी करण्याची आणि तास मात्र वाढले.

त्याहून मोठी पळवाट मूळ कायद्यातच आहे. ‘गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षी’ पदावरच्या व्यक्तींना तो लागू होत नाही. आता आजूबाजूला बघा. असोसिएट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर, टीम लीड, रिलेशनशिप मॅनेजर. हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर! पदनाम मोठं झालं की आईवडील पेढे वाटतात, पण तासांचं आणि ओव्हरटाईमचं संरक्षण वादात सापडतं. कायद्याने अशा पदांची यादी संकेतस्थळावर किंवा ऑफिसात दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तुमच्या ऑफिसात ती कुठे लावली आहे, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

अंमलबजावणीचं म्हणाल, तर वर सांगितलेल्या पुण्यातल्या घटनेनंतर कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी त्या कार्यालयाची तपासणी केली. ते कार्यालय २००७ पासून या कायद्याखालच्या नोंदणीविनाच चालू असल्याचं तेव्हा समोर आलं. जिथे नोंदणीच नाही, तिथे तास कोण मोजणार?

ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा मांडलं. खासगी विधेयकाचं कायद्यात रूपांतर होण्याची शेवटची वेळ १९७० ची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

मग आपल्या ऑफिसात काय करता येईल?

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा यंत्रणेने ताण मोजण्यासाठी सहा जागा ठरवून दिल्या आहेत: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारा आधार, माणसामाणसांतले संबंध, आपली भूमिका स्पष्ट आहे का, आणि ऑफिसातले बदल कसे कळवले जातात. ‘मला खूप ताण आहे’ या वाक्यावर कुणीच काही करू शकत नाही. ‘मला दोन जण वेगवेगळी कामं सांगतात आणि दोघांनाही ती आजच हवी असतात’ या वाक्यावर करता येतं. त्रास या सहापैकी कुठल्या जागी आहे हे आधी शोधा. दोन आठवडे खरे तास, रात्रीचे कॉल आणि सुट्टीच्या दिवशीची कामं तारखेनिशी लिहून ठेवा. बोलायला जाताना भावनेपेक्षा ही वही जास्त कामाला येते, आणि तक्रार करायची वेळ आली तर पुरावा म्हणूनही. शक्यतो एकट्याने जाऊ नका. चौघांना तोच त्रास असेल, तर तो तुमचा नाजूकपणा ठरवता येत नाही.

टीम लीड किंवा मॅनेजर असाल तर तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत मॅनेजरांच्या प्रशिक्षणावर स्पष्ट भर आहे, कारण कर्मचाऱ्यासाठी कंपनी म्हणजे बहुतेक वेळा त्याचा थेट साहेब असतो. रात्री सुचलेला मेल सकाळी नऊला जाईल असा शेड्यूल करणं फुकट आहे. नवं काम देताना ‘यासाठी हातातलं कुठलं थांबवू?’ हे विचारणं फुकट आहे. रजेवर गेलेल्याचं काम कोण बघणार हे आधीच ठरलं, तर त्याला गावच्या जत्रेतून लॅपटॉप उघडावा लागत नाही. कुणी गप्प गप्प झालंय, चुका वाढल्यात, असं दिसलं तर सगळ्यांसमोर ‘काय चाललंय तुझं?’ म्हणण्याऐवजी बाजूला चहाला घेऊन जा आणि कामातली कुठली गोष्ट जड जातेय ते विचारा. निदान करायला जाऊ नका, ‘माझ्या वेळी आम्ही तर’ही नको. आणि तो जे सांगेल ते अप्रेझलच्या मीटिंगमध्ये निघता कामा नये. एकदा ते निघालं, की त्या टीममध्ये पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

शिव्या, सगळ्यांदेखत अपमान, मुद्दाम एकटं पाडणं हे ‘कामाचं प्रेशर’ नाही. त्याला छळ म्हणतात. लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. इतर छळासाठी आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. फ्रान्समध्ये मात्र आहे. तिथल्या फ्रान्स टेलिकॉम कंपनीने २००६ नंतर सुमारे २२ हजार लोकांना कमी करण्यासाठी कर्मचाऱ्यांना नकोसं करून सोडलं आणि त्या काळात अनेकांनी आत्महत्या केल्या. २०१९ मध्ये न्यायालयाने माजी प्रमुख दिदिये लोंबार यांच्यासह अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. कुणा एकाला त्रास दिला म्हणून नव्हे, तर कंपनीचं धोरणच छळाचं होतं म्हणून.

मदत लागली तर कुठे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर ऑफिस सुधारण्याची वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. भाषा निवडता येते, मराठी त्यात आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. ऑफिसला यातलं काही कळत नाही.

ऑफिसच्या आरोग्य विम्याची पॉलिसीही एकदा उघडून बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात आणि समुपदेशनाची फी खिशातून जाते. ओपीडीचं कलम आहे का, समुपदेशनाची सत्रं त्यात धरली आहेत का, हे एचआरला मेलवर विचारा. उत्तरही मेलवरच मागा.